राजाचा देह आणि आपली श्रद्धा

इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनी यांनी १९६६ साली फ्रेंच दूरचित्रवाणीसाठी फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजावर चित्रपट केला. पुढे त्याची डीव्हीडी निघाली आणि तो घरी हवा तेव्हा पाहता येऊ लागला. त्यात एकही लढाई नाही. मरणाला टेकलेल्या मंत्र्याचं वैद्य रक्त काढतात, मुदपाकखान्यातून पदार्थांची रांग निघते, राजा एकटा जेवतो आणि सरदार उभे राहून बघतात. शेवटी तोच राजा एकांतात भरजरी कपडे नि टोप उतरवतो. पूज्य राजाला असं देहासकट दाखवलं तर श्रद्धेला धक्का बसतो का? घरात हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीच्या वसाहतीत काय किंवा पुण्यात काय, टीव्ही आणि शिवरायांची तसबीर पुष्कळदा एकाच खोलीत असतात. २०२५ साली ‘छावा’ चित्रपटाच्या झलकेत संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, त्यावर आक्षेप आले आणि ते दृश्य प्रदर्शनाआधीच वगळलं गेलं. आक्षेप घेणाऱ्यांची भक्ती खरी होती, पण भक्तीला तपशील सोसत नाही हे त्यामागचं गृहीत आपल्या परंपरेत बसत नाही.

मराठी गद्याचा आरंभच त्याविरुद्ध साक्ष देतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं होतं त्यांना गाठून आठवणी विचारल्या, आणि जिथे सांगणाऱ्यांत फरक पडला तिथे तो फरकही जपला गेला. स्वामींचं जेवण, झोप, दुखणं, चालणं, शिष्यांवर रागावणं, सगळं त्यात आहे. त्यांच्या महानुभाव पंथीयांसाठी ते साक्षात परमेश्वराचे अवतार, आणि म्हणूनच त्यांची कुठलीही कृती क्षुल्लक नव्हती. कोण केव्हा काय बोललं हे पुन्हापुन्हा आठवणं हीच त्यांची साधना. घरात चित्रपट थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहणारा प्रेक्षक, मनात आदर असेल तर, याच स्मरणाच्या जवळ जातो.

यावर रास्त आक्षेप असा की म्हाइंभट भक्त होते, रोसेलिनी नव्हते. त्यांनी तर सत्तेचा देखावा उघडा पाडला. खरं आहे. पण लुईची सत्ताच पोशाखावर आणि दरबारी रिवाजावर उभी होती, म्हणून टोप उतरताच ती उणी दिसते. ज्या व्यक्तीचं मोठेपण कृतीत आहे तिला हे भय नाही. त्याचा पुरावा जबलपूरजवळच आहे. १५६४ साली मुघल सैन्याविरुद्ध नर्रईच्या लढाईत गोंडवनाच्या राणी दुर्गावतीच्या कानशिलात एक बाण घुसला, दुसरा मानेत. ती बेशुद्ध झाली, शुद्धीवर आली आणि शत्रूच्या हाती पडण्याऐवजी तिने खंजिराने प्राण दिला. हे लिहिलं आहे अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने, तिच्या शत्रुपक्षाच्या इतिहासकाराने. त्या मूर्च्छेने तिची थोरवी तसूभरही घटली नाही. बरेल्याजवळ तिच्या समाधीवर वाटसरू पांढरे दगड वाहत आले आहेत.

दुर्गावतीवर उद्या जो चित्रपट करील त्याने ती मूर्च्छा गाळू नये, आणि आपणही ती गाळण्याची मागणी करू नये.