‘व्हेलीइटी’ : इच्छेचे व्याकरण आणि इच्छेची जबाबदारी

इंग्रजीतील ‘व्हेलीइटी’ हा शब्द कोशांत आढळतो, व्यवहारात क्वचितच. जिच्यामागे प्रयत्न नाही अशी इच्छा, इच्छाशक्तीची सर्वांत खालची पायरी, असा त्याचा अर्थ दिला जातो. टी. एस. एलियट यांनी ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी’ (१९१५) या कवितेत तो योजल्यामुळे साहित्याच्या अभ्यासकाला तो निदान ओळखीचा असतो, आणि दुर्बळ, अनिश्चयी मनोवृत्तीचा वाचक म्हणूनच तो समीक्षेत वावरतो. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. या शब्दात दोन भिन्न मनोवस्था एकत्र आल्या असून त्यांच्या सरमिसळीतून एक नैतिक प्रश्न उद्भवतो, असे येथे मांडावयाचे आहे.

शब्दाचे मूळ ‘इच्छिणे’ या अर्थाच्या ‘वेल्ले’ या लॅटिन क्रियापदात आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने ‘सुम्मा थिओलॉजिए’मध्ये पूर्ण आणि अपूर्ण इच्छा असा भेद केला. पूर्ण इच्छा शक्य वस्तूचीच असते. अशक्य वस्तूची इच्छा अपूर्ण राहते आणि तिलाच काही जण ‘वेल्लेइतास’ म्हणतात, कारण ती वस्तू शक्य असती तर मनुष्याने ती इच्छिली असती. अमरत्वाची इच्छा करता येते, पण निवड करता येत नाही, हे अॅरिस्टॉटलने त्याच्या कितीतरी आधी नोंदविले होते. या अर्थाने व्हेलीइटी ही दुर्बळता नव्हे. मृत व्यक्ती परत यावी ही इच्छा प्रयत्नशून्य असते, ती मनुष्य आळशी असतो म्हणून नव्हे, तर जगाची घडणच तशी आहे म्हणून.

जॉन लॉक याने १६८९च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या मानवी आकलनावरील ग्रंथात हा शब्द घेतला, पण त्याचा रोख बदलला. लॉकच्या मते इच्छेचे मूळ अस्वस्थतेत आहे. एखाद्या वस्तूच्या अभावी मनुष्य सुखाने राहू शकत असेल, तर उरते ती केवळ व्हेलीइटी. येथे उणीव वस्तूच्या शक्यतेत नसून इच्छिणाऱ्याच्या तळमळीत आहे. याच ठिकाणी लॉक आणखी एक मार्मिक गोष्ट सांगतो: वस्तू अप्राप्य आहे असे मत झाले की त्या प्रमाणात अस्वस्थता शमते आणि इच्छाही ओसरते. लॉक येथे ‘मत’ म्हणतो, हे ध्यानात घ्यावयास हवे. मत खरे असण्याची आवश्यकता नाही. अशक्यतेचे मत जर अस्वस्थतेवरचा उतारा असेल, तर ज्याला अस्वस्थता नको आहे तो असे मत बनविण्यास उत्सुकच असणार.

आपल्याकडील न्यायदर्शनाने हा प्रश्न अधिक काटेकोरपणे हाताळला आहे. नव्यन्यायाच्या परंपरेतील ‘मुक्तावली’त ‘चिकीर्षा’, म्हणजे करण्याची इच्छा, हिची कारणे सांगताना ‘हे माझ्या इष्टाचे साधन आहे’ या ज्ञानाबरोबरच ‘हे माझ्या कृतीने साध्य आहे’ हे ज्ञानही आवश्यक मानले आहे. म्हणूनच पाऊस पडावा अशी इच्छा होते, पण पावसाची चिकीर्षा होत नाही. मात्र ही दोन्ही ज्ञाने असूनही, त्या कृतीतून एखादे बलवान अनिष्ट उद्भवेल अशी जाणीव झाली तर चिकीर्षेला प्रतिबंध होतो. म्हणजे प्रवृत्ती न होण्याची निदान दोन कारणे संभवतात: कर्म असाध्य असणे किंवा त्यातील कष्ट नकोसे असणे. अक्वायनसची व्हेलीइटी पहिल्यातून येते, लॉकची बव्हंशी दुसऱ्यातून. नैतिक दोष दुबळ्या इच्छेत नाही. नकोशा गोष्टीला असाध्य म्हणण्यात तो आहे.

मराठीचे व्याकरण या गोष्टीला सोयीचे आहे. ‘मला लिहावेसे वाटते’ या रचनेत ‘मी’ कर्त्याच्या जागेवरून सरकून ‘मला’ होतो. इच्छा माझ्या ठायी घडते, मी ती करीत नाही. ‘लिहिले असते’ हा संकेतार्थ तर अट बाहेरच्या जगावर सोपवून मोकळा होतो. ती अट खरी आहे की रचलेली, हे क्रियापदाच्या रूपावरून कळत नाही.

एक स्वानुभव नोंदवितो. माझे एक गुरू निवर्तल्यानंतर त्यांच्या हस्तलिखित टिपणांच्या सात वह्या बाईंनी माझ्या स्वाधीन केल्या. त्या संपादित करून प्रसिद्ध कराव्यात असे मला मनापासून वाटत होते. पहिली दोन-तीन वर्षे बाई विचारीत, “काही झालं का रे?” मी म्हणे, “सवड मिळाली असती तर एव्हाना झालं असतं.” त्या काळात मी दोन चर्चासत्रांसाठी निबंध लिहिले, एका पाठ्यपुस्तकाचे काम केले. पुढे बाईंनी विचारणे सोडले, आणि मला हायसे वाटले. त्या हायसे वाटण्यातच माझ्या इच्छेचे खरे मोजमाप होते.

कथात्म साहित्यातील निष्क्रिय नायकाला ‘इच्छाशक्तीहीन’ ठरविताना समीक्षक सहसा हा भेद करीत नाही. त्याच्यापुढील वाट खरोखर बंद आहे, की ती बंद आहे असे मानण्यात त्याला विसावा मिळतो, हा प्रश्न संहितेला विचारल्याशिवाय असा निवाडा देता येणार नाही. तोच प्रश्न स्वतःला विचारणे अधिक अवघड. गुरुजी आज असते तर बरे झाले असते, आणि सवड मिळाली असती तर वह्या छापल्या असत्या, ही दोन्ही वाक्ये मी एकाच सुरात उच्चारीत आलो आहे. त्यांपैकी पहिल्याचाच मला अधिकार आहे.