मोळी आणि आंघोळ

शाळेच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आटोपले की बोधकथेची पाळी येते. एखादी मुलगी पुढे येते, वहीत उतरवलेली गोष्ट घडाघडा म्हणते आणि शेवटी श्वासही न घेता ‘तात्पर्य’ म्हणून एक वाक्य उरकून रांगेत परत जाते. कोल्हा-द्राक्षांच्या गोष्टीला हे चालतं, ती त्या एका वाक्यासाठीच रचलेली असते. पण हीच सवय आपण थेट कादंबरीपर्यंत ओढत नेली आहे. मुलांच्या हाती पडणारं मोठं पुस्तक कुठल्या मूल्यासाठी वाचायचं ते आधी ठरतं आणि मग सगळा वर्ग त्या मूल्याचा पुरावा शोधत पानं उलटतो. राज्याच्या मूल्यशिक्षणाच्या यादीत दहा मूल्यं आहेत. श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा वगैरे. ‘श्यामची आई’तलं जवळजवळ प्रत्येक प्रकरण यातल्या कुठल्या ना कुठल्या खणात बसवता येतं, आणि बसवलंही जातं. माझं म्हणणं असं की या बसवाबसवीत त्या पुस्तकातला खरा धर्मप्रश्न खणाबाहेर राहतो. पुण्याच्या पेठेतल्या वर्गात ही चूक लपून जाईल. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातल्या वर्गात ती लपणं अवघड आहे.

पुस्तक कुणी लिहिलं आणि कसं, हे इथे कामाचं आहे. साने गुरुजी तत्त्वज्ञान शिकायला अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात गेले आणि पुढे 1924 पासून तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. घरापासून लांब राहणाऱ्या मुलांची अंथरुणं, दुखणी, रुसवेफुगवे सांभाळणारा हा माणूस 1930 साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरला, आणि 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यानं या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून काढला. पुस्तकाची रचनाही तशीच आहे. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना होते, सोबती भोवती बसतात आणि श्याम आईची एकेक आठवण सांगतो. अशा चाळीसेक रात्री. म्हणजे आईपासून दूर असलेल्यांनी, आईपासून दूर असलेल्यांसाठी सांगितलेली ही गोष्ट आहे. डोंगरातल्या शासकीय आश्रमशाळेत निवासी राहणाऱ्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. शिक्षकानं मात्र ते ध्यानात ठेवलं पाहिजे, कारण सांगणारा प्रत्येक रात्री जिथे थांबतो तिथे स्वाध्याय नसतो. ऐकणारे ती गोष्ट घेऊन झोपायला जातात.

यातल्या एका रात्रीचं नाव आहे ‘देवाला सारी प्रिय’. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची मोळी खाली पडली आहे आणि ती एकटीनं उचलणं तिच्या आवाक्यातलं नाही. हात लावायला कुणी पुढे होत नाही. आई श्यामला सांगते की जा, तिला मोळी चढवून दे. आणि त्याच सांगण्यात पुढे हेही येतं की नंतर आंघोळ कर. स्वाध्यायाच्या वहीत या प्रकरणाखाली ‘समता’ किंवा ‘परोपकार’ लिहिलं जातं आणि आंघोळीचं वाक्य वाचूनही न वाचल्यासारखं होतं. पण ती आंघोळ काही लेखकाच्या हातून चुकून राहून गेलेली नाही. एका कर्मठ गावातल्या, कर्जानं वाकलेल्या घरातल्या बाईला जेवढं करता येणार होतं, तेवढं तिनं केलं आणि उरलेलं केलं नाही. देवाला सारी प्रिय असतील तर शिवल्यावर आंघोळ कशाला? आणि आंघोळ हवीच असेल तर देवाला सारी प्रिय आहेत, हे म्हणण्याला अर्थ काय उरतो? करुणा विटाळाच्या नियमाला न मोडता पुरी होते का, की नियम पाळत केलेली करुणा त्या नियमालाच थोडं सुसह्य, म्हणून थोडं दीर्घायुषी करते? हा धर्मशास्त्राचा प्रश्न आहे, आणि तो सातवीतल्या मुलाच्या पुस्तकात पडून आहे.

गंमत अशी की ‘तात्पर्य’ हा शब्द आपल्या परंपरेत इतका स्वस्त नव्हता. मीमांसकांनी ग्रंथाचं तात्पर्य ठरवायला सहा खुणा सांगितल्या आहेत: आरंभ आणि शेवट जुळतात का, पुन्हा पुन्हा काय येतं, इतरत्र न सापडणारं, म्हणजे अपूर्व, असं त्यात काय आहे, फळ काय सांगितलं आहे, निव्वळ स्तुती म्हणून आलेला अर्थवाद कोणता, आणि युक्तिवाद, म्हणजे उपपत्ती, कशाच्या बाजूनं उभी राहते. लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’च्या सुरुवातीलाच ही कसोटी पुढे ठेवून आपला कर्मयोगाचा पक्ष मांडला. ती मोळीच्या प्रकरणाला लावून बघावी. दया करा, हे तर प्रत्येक पोथीत आहे. त्यात अपूर्व काही नाही. सगळ्यांवर देवाचं प्रेम आहे हे वाक्य अर्थवादात जाईल, कारण ते म्हणणाऱ्या कितीतरी लोकांनी जन्मभर शिवाशिव पाळली. अपूर्व आहे ते एवढंच, की एक आई आपल्या मुंजीतल्या पोराला लोकांच्या देखत शिवायला पाठवते. आणि उपपत्ती बघायची तर आईनं दिलेलं कारण आंघोळीच्या बाजूनं उभं राहत नाही, उलट ते आंघोळीलाच तोडतं. शास्त्राच्या रीतीनं वाचलं तरी प्रकरणाचं तात्पर्य एका शब्दात मावत नाही. ते आपल्यातच दुभंगलेलं आहे, आणि मुलाला दाखवायचा तो हा दुभंग.

आता हा वर्ग डोंगराकडे नेऊ. आंबेगावच्या आहुपे-तळेघरकडचा किंवा जुन्नरच्या तळेरानकडचा भाग. महादेव कोळी, ठाकर, कातकरी घरांतली मुलं. हंगामात हिरडा गोळा करणारी घरं, पावसाळा सरला की नारायणगावच्या मजूर बाजारात उभं राहून कांदा-टोमॅटोच्या कामावर जाणाऱ्या आया. या मुलांना मोळी चित्रातून माहीत नाही. वाळली फाटी लांबीनं लावून घ्यायची, वेलीनं नाहीतर दोरीनं दोन जागी आवळायची, डोक्यावर चुंबळ ठेवायची, आणि मग बसकण मारून मोळीखाली शिरायचं. उठताना दुसऱ्यानं मागचं टोक धरून वर लोटलं तर उठता येतं. कुणी नसेल तर मोळी आधी बांधावर किंवा दरडीला टेकवून ठेवावी लागते. वाटेत सपाटीवर पडली तर संपलंच. हे ज्याला ठाऊक आहे तो श्यामच्या खांद्यावरून ती म्हातारी बघत नाही, म्हातारीच्या जागेवरून श्यामकडे बघतो. पेठेतल्या मुलाचा प्रश्न असतो की मी मदत करीन का. इथल्या मुलाचा प्रश्न निराळा असणार. ज्यानं हात लावला त्यानं घरी जाऊन अंग धुतलं, हे त्या बाईला कळलं असेल का? कळलं असेल तर दुसऱ्या दिवशी तिनं काय केलं? ‘परोपकार’ असं फळ्यावर लिहिलं की हे प्रश्न विचारायची जागाच उरत नाही, आणि ज्याच्या घरात मोळी आहे तो मुलगा उपकार घेणाऱ्यांच्या रांगेत निमूट जाऊन बसतो. अर्थात त्या वर्गातले सगळे एका बाजूचे आहेत असंही समजू नये. प्रत्येक समाजाला आपल्याखाली आणखी कुणीतरी दिसतच असतं, आणि कातकऱ्याच्या पोराशेजारी कोण बसतं हे शिक्षकानं एकदा मान वर करून बघितलं तर आंघोळीचा धडा फार जुना वाटणार नाही.

हेच थोडं ‘भूतदया’ नावाच्या रात्रीचंही. घरट्यातून पडलेल्या पिलाची कीव ठीकच आहे, पण जुन्नर हा उसात बिबट्या राहणारा तालुका आहे. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, आणि डोंगरात दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते. दयेत दया करणारा वर असतो आणि घेणारा खाली. वाघबारशीत तसं नाही. तिथे वाघाला मान देऊन त्याची हद्द आणि आपली हद्द सांभाळली जाते. दोन निराळी नीतिशास्त्रं एकाच वर्गात हजर असताना पुस्तकातलं एकच काय ते ‘मूल्य’ आणि दुसरी नुसती ‘रूढी’, असं कसं म्हणायचं?

पहिला आक्षेप वयाचा येईल. बारा वर्षांच्या पोरांना हा पेच कशाला, आधी चांगलं काय ते ठसू दे, शंका पुढे आयुष्य काढीलच. यात तथ्य आहे, पण ते पाचवी-सहावीच्या खालच्या वर्गापुरतं. त्या वयाला ‘मोरी गाय’ आणि ‘मुकी फुले’ ही प्रकरणं पुरेशी आहेत. वरच्या वर्गातल्या मुलापासून पेच लपवला तर तो त्याला दिसायचा राहत नाही. वर्गात तो बोलायचा नसतो, एवढंच मूल शिकतं. ज्या मुलाला ‘मदत कर आणि मग आंघोळ कर’ यात खटकतं, त्याची नीतिबुद्धी जागी आहे. खटकू न देणं हाच जर संस्कार असेल तर विटाळाचा नियम शिकवणाऱ्यांनीही याहून वेगळं काही केलं नव्हतं.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूनं येतो आणि तो जास्त वजनदार आहे. हे एका ब्राह्मण घरातलं, सोशिक आईला देव्हाऱ्यात बसवणारं पुस्तक. आदिवासी-दलित मुलांच्या वर्गात ते मुळात हवंच कशाला? मी हा आक्षेप निम्मा मान्य करतो. ते एकटं नको. जुन्नरच्या उत्तरेला डोंगरापलीकडे अकोले तालुका लागतो. तिथल्या धामणगावचे दया पवार. त्यांचं ‘बलुतं’ 1978 साली आलं. नववी-दहावीत त्यातली निवडक पानं आणि मोळीचं प्रकरण लागोपाठ वाचून दाखवता येतं, आणि त्यानंतर शिक्षकानं फार बोलायची गरज राहत नाही. पण ‘श्यामची आई’ काढूनच टाकली तर तिच्या जागी ‘बलुतं’ येत नाही, हा व्यवहार आहे. तिच्या जागी येतो भिंतीवरचा मूल्यांचा रंगीत तक्ता, आणि तक्त्याशी भांडता येत नाही. या आईशी भांडता येतं. शिवाय तिच्याशी पहिलं भांडण खुद्द तिच्या लेकानंच उभं केलं. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले आणि मंदिर खुलं करायचं ठरल्यावरच उठले. आईला जिथवर जाता आलं त्याच्यापुढे तो गेला. आईला नाकारून नव्हे, तिनं दिलेलं कारण शेवटपर्यंत ओढून. हा इतिहास प्रकरणाशेजारी ठेवला की मुलांना कळतं की पुस्तकातलं माणूस जिथे थांबतं तिथे वाचणाऱ्यानं थांबलंच पाहिजे असं नाही.

राहिला श्रद्धेचा आक्षेप. वर्गात असं खोदत बसलात तर आईवरचा, देवावरचा भाव उडून जाईल, अशी भीती घातली जाते. याचं उत्तर जुन्नर तालुक्यातच आळ्याला आहे. ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या तोंडून वेद वदवले अशी कथा आहे, त्याची समाधी तिथे आहे, आणि वारकरी तिच्यापुढे डोकं टेकवतात. पैठणच्या धर्मपीठाकडे संन्याशाची पोरं शुद्धिपत्र मागायला जातात, टिंगल होते, रेड्याच्या पाठीवरचे आसूड ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटतात. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेचा रोख शुद्धाशुद्ध ठरवणाऱ्यांनाच जाब विचारण्याचा आहे. ज्या परंपरेनं धर्मपीठाची ही नामुष्की झाकली नाही, उलट तिचं देऊळ बांधलं, तिच्यातला भाव एका आंघोळीविषयी विचारल्यानं उडेल, हे मला पटत नाही. आळ्याच्या यात्रेला जाणारं मूल वर्गात बसलेलं असेल तर त्याला दोन्ही गोष्टी शेजारी ठेवायला सांगावं. एकीत रेड्याला वाचा मिळाली. दुसरीतल्या म्हातारीचं म्हणणं तिच्याच तोंडून दोन पानं लिहून आणा.

मुलं लिहितील तेव्हा कुणीतरी श्यामच्या आंघोळीशी येऊन अडखळेल, आणि तिथे शिक्षकानं घाई करू नये. श्यामच्या पालगड गावापासून फार लांब नसलेल्या महाडला 1927 च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी अस्पृश्य मानलेल्या माणसांनी ओंजळीत घेतलं, त्यानंतर सहा वर्षांनी हे पुस्तक लिहिलं गेलं. मोळी चढवून आलेल्या पोराच्या अंगावर तांब्या रिता होतो, त्यातलं पाणी कुठल्या विहिरीचं होतं, आणि त्या विहिरीवर म्हातारीला जाता येत होतं का?