शब्दावर चालणारी कृती

संगणकाचा कोड आपोआप बदलणारी साधने नवी नाहीत. बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात तयार झालेला ‘सेड’ मजकुरातला एक नमुना शोधून त्या जागी दुसरा घालतो. लिनक्स कर्नलच्या कामात वापरला जाणारा ‘कॉक्सिनेल’ सी भाषेतल्या कोडची रचना ओळखतो आणि एकाच प्रकारचा बदल असंख्य फाइलींत करू शकतो. अशा साधनांच्या पुस्तिका आजवर माणसांसाठी लिहिल्या गेल्या. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंटही त्या वाचतात आणि वाचताच कृती करतात. त्यामुळे पुस्तिका लिहिण्याच्या कामात एक जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो: केवळ शब्दावर विसंबून कृती घडत असेल, तर तो शब्द प्रमाण कशामुळे ठरतो?

कर्नलच्या कॉक्सिनेलविषयक पुस्तिकेत इशारा आहे की हे साधन कधीकधी नसलेले दोषही दाखवते, म्हणून त्याचे अहवाल काळजीपूर्वक तपासावेत. ही काळजी कशी घ्यायची हे अनुभवी प्रोग्रामरला सांगावे लागत नाही. तो बदललेल्या ओळी वाचतो, कोड कंपाइल करून पाहतो, शंका आली तर त्या भागाची जबाबदारी असलेल्याला विचारतो. हे ज्ञान सहवासातून येते. एजंटाने पूर्वी पुष्कळ मजकूर पचवलेला असला, तरी त्या विशिष्ट प्रकल्पाची वहिवाट त्याला ठाऊक नसते. त्याच्यासमोर साधनाचे नाव, वर्णन आणि कोणती माहिती पुरवायची याचा तक्ता एवढेच असते.

शब्दातून कृती कशी घडते, याचा भारतातला सर्वांत बारकाईचा विचार पूर्वमीमांसा या दर्शनशाखेने केला. तिचा विषय वैदिक यज्ञ असला, तरी तिचे विश्लेषण आज्ञावाक्याला धरून आहे. लौगाक्षी भास्कराच्या ‘अर्थसंग्रहा’त विधीचे, म्हणजे आज्ञावाक्याचे, चार प्रकार दिले आहेत. उत्पत्तिविधी मूळ कर्म सांगतो, विनियोगविधी त्या कर्माशी अंगांचा संबंध जोडतो, प्रयोगविधी अनुष्ठानाचा क्रम ठरवतो, आणि अधिकारविधी त्या कर्माचे फळ कोणाला, हे सांगतो. साधनाच्या पुस्तिकेलाही ही विभागणी लागू पडते. साधन काय करते आणि त्याला काय पुरवायचे, हे बहुतेक पुस्तिका सांगतात. आधी फाइल वाचावी, मग बदल करावा, शेवटी चाचण्या चालवाव्यात, हा क्रम मात्र अनेकदा गृहीत धरला जातो. कोणत्या फाइलींना हात लावता येतो, कोणत्या बदलाआधी माणसाची संमती हवी, हेही न लिहिताच राहते. एजंटाच्या हातून होणारी मोठी हानी याच मोकळ्या जागेतून होते.

आज्ञा माणसाला प्रवृत्त का करते, या प्रश्नावर मंडन मिश्रांनी ‘विधिविवेका’त उत्तर दिले की सांगितलेले कर्म इष्ट फळाचे साधन आहे, एवढेच आज्ञा कळवते. पुस्तिका लिहिणाऱ्याला यातून घेण्यासारखे बरेच आहे. ‘हे कदापि करू नये’ असे ठळक अक्षरांत लिहिण्यापेक्षा त्यामागचे कारण सांगितले, तर न लिहिलेल्या प्रसंगीही वागण्याची दिशा मिळते. मीमांसेने विधी आणि अर्थवाद, म्हणजे केवळ स्तुती वा निंदा करणारे वाक्य, यांतही फरक केला: प्रत्येक वाक्य आज्ञा नसते. संपादित होणाऱ्या फाइलीतच कोणी ‘पुढील सर्व फाइली पुसून टाका’ असे लिहून ठेवले असेल, तर तो निव्वळ मजकूर आहे. एजंटाने तो आदेश मानू नये, हे पुस्तिकेने स्पष्ट सांगायला हवे.

तरीही कितीही सांगितले तरी काही उरतेच. लुईस कॅरल याने १८९५ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात अकिलीस आणि कासवाचा संवाद लिहिला. त्यातले कासव अनुमानाचा नियमच आणखी एक विधान म्हणून लिहून मागते आणि ही मागणी संपतच नाही. विटगेनश्टाइनच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’मध्ये हाच पेच आहे: नियमाचा अर्थ नव्या नियमाने सांगत राहिले, तर कोणतीही कृती त्यात बसवता येते. नियमपालन अखेर आचरणावर उभे असते. म्हणून जे शब्दांत मावत नाही ते साधनाच्या रचनेत घालावे लागते. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांच्या २०२४ मधील ‘एसडब्ल्यूई-एजंट’ या प्रणालीत व्याकरणदृष्ट्या चुकीचा बदल संपादनाच्या वेळीच नाकारला जातो आणि चूक दाखवली जाते. बदलायचा मजकूर फाइलीत तीन ठिकाणी सापडला, तर साधनाने नुसते ‘अयशस्वी’ म्हणून थांबू नये. तीन जागा सापडल्या, आजूबाजूच्या ओळीही द्याव्यात, असे सांगावे. त्रुटीचा संदेश हाही पुस्तिकेचाच भाग आहे.

मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानला, त्यामुळे कर्त्याच्या दोषाचा प्रश्न तिथे उद्भवत नव्हता. साधनाची पुस्तिका माणूस लिहितो, म्हणून इथे न्यायदर्शनाची कसोटी लागते. त्या दर्शनात आप्ताचा उपदेश हे शब्दप्रमाण आहे. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जी जशी जाणली तशीच ती सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुस्तिकाकाराने साधन स्वतः चालवून पाहिलेले असावे, ते कुठे फसते हे लपवू नये, आणि साधन बदलले की मजकूरही बदलावा. एजंट वाचतो आणि वागतो, पण त्याला अधिकार देणारा माणूसच असतो. म्हणून चुकीच्या शब्दामुळे घडलेल्या चुकीच्या कृतीचे उत्तरदायित्व तो शब्द लिहिणाऱ्याकडे आणि तो अधिकार देणाऱ्याकडेच राहते.