संशय आणि सौजन्य

गेल्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी, आमच्या कचेरीचे चाळीस हजार रुपये मी एका चोराला अगदी आदरपूर्वक पाठवले.

कचेरी सुटायची वेळ होती. साहेबांच्या नावाने ईमेल आली : "मी बैठकीत आहे, फोन करू नका. मंडळींच्या दिवाळी भेटीसाठी सोबतच्या खात्यात लगेच पैसे भरा. त्यांना चकित करायचे आहे. कुणाला बोलू नका." मी भरले. साहेब त्या वेळी शेजारच्या खोलीत चहा पीत होते!

मागाहून पाहिले तर सारे उघड होते. नाव साहेबांचे; पत्ता मात्र परका, कचेरीच्या पत्त्यापेक्षा एक अक्षर जास्त असलेला. घाई, गुप्तता आणि 'फोन करू नका' ही बंदी, एवढे तिन्ही एका पत्रात आले म्हणजे लिहिणाऱ्याला आपल्या विचार करण्याचीच धास्ती आहे, हे ओळखावे. त्याच रात्री बँकेला कळवले, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. थोडी रक्कम अडवली गेली. बाकीची गेली ती गेलीच.

पण मला पैशांपेक्षा निराळेच काही टोचत राहिले. पत्र वाचताना मला शंका आली होती. साहेब असे कधी लिहीत नाहीत, हे ठाऊक होते. तरी मी चार पावले चालून गेलो नाही. "हे तुम्हीच लिहिले का?" असे साहेबांना विचारणे मला उद्धटपणाचे वाटले.

लोभी माणूस फसतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून निघालेल्या एका ईमेलचा विषय होता 'आय लव्ह यू'. सोबतचे 'प्रेमपत्र' उघडले की छुपा प्रोग्राम चाले आणि उघडणाऱ्याच्या यादीतल्या साऱ्या पत्त्यांवर त्याच्याच नावाने तेच पत्र जाई. जगभरचे लाखो संगणक त्यात सापडले. लोकांनी ते उघडले, कारण ते ओळखीच्या माणसाकडून आले होते. म्हणजे आपला विश्वास, आपली माया, आपला आज्ञाधारकपणा, यांच्याच किल्ल्या चोर करतो.

मग विश्वास टाकून द्यावा काय? लहानपणी आमच्याकडे मनिऑर्डर आणणारा पोस्टमन आजीला चांगला ओळखत असे. तरी तिचा अंगठा घेताना तो शेजाऱ्याला साक्षीला बोलावी. आजीला त्यात कधी अपमान वाटला नाही; उलट ती त्याला चहा पाजी. त्याचा संशय तिच्यावर नव्हता. पैसा योग्य हाती पडावा, एवढीच त्याची काळजी होती.

माझ्या संकोचाला मी इतकी वर्षे सौजन्य म्हणत आलो. ती बहुधा भीतीच होती. आणि खरे सांगायचे तर, ती मी एकट्याने निर्माण केली नव्हती. विचारायला येणाऱ्यावर साहेब खेकसत. हेही मी त्यांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत.

आता पैशाचे पत्र आले की मी उठून विचारतो, नाही तर माझ्या वहीतल्या जुन्या क्रमांकावर फोन करतो. पत्रात दिलेल्या क्रमांकावर कधीच नाही. परवा साहेबांनी खरोखरच ईमेल पाठवली. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"साहेब, हे आपणच लिहिले ना?"

त्यांच्या कपाळावर सवयीने आठी उमटली. मग ते म्हणाले, "मीच. बसा, चहा घ्या."