‘इत्यादी’तलं धन

आखाडा बाळापुरात, नांदेड रस्त्यावरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात नंबर लावून बसलो होतो. पुढच्या गड्याला डेटा गेल्याचं काही वाटत नव्हतं. ‘जाऊ द्या. डिस्प्ले ओरिजिनल टाका अन् नंबर तोच ऱ्हाऊ द्या.’ शेवटी चार साते असलेला तो नंबर त्यानं ट्रॉलीवरही रंगवून घेतलेला. त्याच्यामागं एक बाई, बोटं हळदीनं पिवळी. ‘फोन मेला तर मरू द्या भाऊ, पण त्यात माय बोलती.’ माय वारली. ‘पोरीचा ताप उतरला का’ एवढं विचारणारा तिचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाज मागं राहिलाय.

चिक्सेंटमिहाय आणि रॉकबर्ग-हॉल्टन या अभ्यासकांचं 1981 सालचं पुस्तक आठवलं. शिकागोतल्या 82 कुटुंबांतल्या 315 माणसांना त्यांनी घरातल्या जिवाभावाच्या वस्तू विचारल्या होत्या. टीव्ही, स्टिरिओ, हत्यारं पुरुषांनी जास्त सांगितली. फोटो, झाडं, कापडचोपड बायकांनी. यावरून बाईमाणूस हळवंच, असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. नंबर चारचौघांत मिरवायचा असतो, आणि ज्याच्या नावावर सातबारा, त्याला मिरवणं परवडतं. जिच्या नावावर काही नाही, तिचा जीव जिथं तलाठ्याचा फेरफार पोचत नाही तिथं अडकतो.

पण फोन तरी तिचा असतो का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) स्वतः वापरतात असा मोबाईल देशातल्या सुमारे 54 टक्केच बायकांकडे निघाला. 2024 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार सुरू झाले, तेव्हा फॉर्म बाईचा आणि ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, हे किती घरांत झालं असेल!

बाईचं स्वतःचं असं काय, हा स्त्रीधनाचा वाद तसा जुनाच. याज्ञवल्क्यानं आपल्या स्मृतीत स्त्रीधनाची यादी देऊन शेवटी ‘आद्य’, म्हणजे इत्यादी, असं म्हटलं. पुढं चालुक्यांच्या कल्याणीत, आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वरानं त्या स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ टीका लिहिताना तेवढ्या एका शब्दात वारसा, खरेदी, वाटणी सगळं बसवलं. टीकाकाराचं एवढं औदार्य क्वचितच दिसतं. (बाकीच्यांनी ते दार पुन्हा ओढून घेतलं, ते वेगळं.) त्या इत्यादीत मायचा आवाज बसतो की नाही, हे त्याला विचारायला हवं होतं.

‘पासवर्ड सांगा ताई,’ दुकानदार म्हणाला.

पासवर्ड नवऱ्याला ठाऊक. नवरा हळद घेऊन वसमतच्या बाजारात गेलेला. त्याचा नंबर कुठं, तर बंद पडलेल्या फोनमध्ये. बाई बाकावर टेकली, पदरानं काच पुसत राहिली.