दिवाळें आणि तुकोबारायांचीं खतें



माळ घातलेल्या माणसाचें दिवाळें निघालें कीं गांव म्हणतो, "भजनानें घर बुडालें." आणि तो म्हणतो, "तुकोबारायांनीं नाहीं का खतें इंद्रायणींत बुडविलीं? मग आमचीं कां नकोत?" गांवाचें बोलणें सोडून द्या. दुसऱ्या बोलण्याचा विचार केलाच पाहिजे, कारण तें आपल्याच माणसाच्या तोंडचें आहे.

महाराजांच्या घरीं वाणीपण आणि सावकारी वडिलांपासून. १६३० ते १६३२ चा दुष्काळ पडला, दुकान बसलें, रखुमाई अन्नावांचून गेल्या. दिवाळें म्हणजे काय हें त्यांना कोणी सांगायला नको होतें.

आतां नीट पाहा. इंद्रायणींत जीं खतें गेलीं तीं लोकांकडून यायच्या पैशाचीं. महाराज तेथें ऋणको नव्हते, धनको होते! आणि सगळीं खतेंही बुडविलीं नाहींत. धाकटे बंधु कान्होबा यांच्या वांट्याचीं अर्धीं त्यांच्या हातीं देऊन मग आपलीं बुडविलीं, असें चरित्रकार सांगतात. भावाच्या पैशानें वैराग्य करावें हें त्यांच्या मनाला शिवलें नाहीं. आपलें येणें सोडणें निराळें, दुसऱ्याचें देणें बुडविणें निराळें.

पुणें जिल्ह्यांतच, सुपें येथें, १२ मे १८७५ रोजीं कुणब्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. त्यांना मी दोष देत नाहीं. अंगठ्यावर काय लिहिलें आहे हें ज्याला वाचतां येत नाहीं त्याचें दुःख मोठें. सरकारलाही १८७९ सालीं शेतकऱ्यांसाठीं कायदा करावा लागला. पण व्याज समजून-उमजून सही करणाऱ्यानें त्यांच्या आड लपूं नये.

जिजाईंनीं स्वतःच्या नांवावर दोनशें रुपये काढून महाराजांना व्यापाराला दिले, आणि महाराजांनीं ते एका गांजलेल्या ऋणकोला सोडविण्यांत घातले, अशी कथा आहे. कीर्तनांत येथें लोक जिजाईंच्या त्राग्याला हसतात. अहो, खतावर नांव त्या माउलीचें होतें!

मग ज्याला खरोखरच देणें झेपत नाहीं त्यानें काय करावें? रात्रीं गांव सोडावा? विहीर जवळ करावी? नाहीं रे बाबा. नादारीचा अर्ज करणें हें पाप नव्हे. मुंबई शहरासाठीं १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा कायदा त्यासाठींच केला गेला. या दुसऱ्या कायद्यांत पांचशें रुपये देणें असलेल्या आणि तें फेडूं न शकणाऱ्या ऋणकोला स्वतः कोर्टांत जाण्याची वाट आहे. जें असेल तें कोर्टाच्या ताब्यांत जातें आणि धनकोंना प्रमाणानें वांटलें जातें. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, कारागिराचीं हत्यारें काढून घेत नाहींत. मात्र अर्जापूर्वीं दोन वर्षांत शेत मेव्हण्याच्या नांवें फुकट करून दिलें असेल तर तें बक्षीस रद्द होऊं शकतें; आणि लबाडीनें केलेलें देणें नादारींतून सुटल्यावरही डोक्यावर राहतें. आपल्या फडावरचा पंचही याहून वेगळा निवाडा देता ना.

एक गोष्ट मात्र कायद्यांत नाहीं. देणेकरी दिंडी बदलतो. धनको आपल्या दिंडींत चालतो म्हणून हा दुसरीकडे टाळ घेऊन उभा राहतो, पुढें वारीच चुकवितो. त्यानें यंदा निघण्यापूर्वीं वही घेऊन त्या धनकोच्या घरीं जावें, किती आहे आणि किती नाहीं तें पानावर दाखवावें. आणि धनकोबुवा, तुम्हीं त्याला आधीं पाणी द्या, मग वही उघडा.