शिक्षा संपल्यानंतर

चोराने शिक्षा भोगली म्हणजे त्याची चोरी संपते का? कायद्याचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि कोणी विचारले तर आम्हीही तेच उत्तर देऊ. पण तुरुंगातून सुटलेला तोच मनुष्य शेजारच्या घरात राहावयास आला, किंवा धर्मग्रामाच्या एखाद्या समितीवर त्याचे नाव सुचविले गेले, तर आमचा होकार ओठांतच अडखळतो. या अडखळण्याचा विचार करताना आम्हांस अँड्र्यू थॉम्प्सन या स्कॉटिश कैद्याची आठवण होते.

थॉम्प्सन हा इंग्लंडच्या सीमेलगत असलेल्या कर्क येटम या खेड्यातला. जन्म १७७३ च्या सुमाराचा. १७९० साली जेडबरा येथील न्यायालयात कापड चोरल्याबद्दल तो दोषी ठरला आणि चौदा वर्षांच्या काळ्या पाण्यावर पाठविला गेला. तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता. अमेरिकेतील वसाहती ब्रिटनच्या हातून गेल्या होत्या; त्यामुळे १७८८ पासून कैद्यांची जहाजे ऑस्ट्रेलियाकडे वळली. १८६८ पर्यंत दीड लाखांहून अधिक स्त्रीपुरुष असे तिकडे गेले. त्यांत स्कॉटलंडचे थोडेच होते, कारण तेथील न्यायालये ही शिक्षा हात राखून देत. याचा उलटा परिणाम असा, की स्कॉटिश कैदी दिसला म्हणजे तो मुरलेला गुन्हेगारच असावा, असे लोक धरून चालत.

‘पिट’ जहाजाने तो फेब्रुवारी १७९२ मध्ये सिडनीस पोहोचला. प्रथम धान्यकोठारात काम, मग पोलीस शिपाई. १७९७ साली त्याला संपूर्ण माफी मिळाली. हॉक्सबरी नदीकाठच्या वस्तीत (आजचे विंडसर) तो मुख्य शिपाई झाला. तेथे त्याने दुकान काढले, ओढ्यावर तरंगता पूल बांधून टोल घेतला, दारूची भट्टी उभारली, जहाजे बांधली, मीठ पिकवले. सिडनीच्या उत्तरेस ज्या बेटावर त्याची मिठागरे होती, त्याला त्याने ‘स्कॉटलंड’ हे नाव दिले. परत न गेलेल्या माणसाने दिलेले हे नाव वाचून आम्ही क्षणभर थांबलो. १८०६ आणि १८०९ साली हॉक्सबरीला मोठे पूर आले, तेव्हा छपरांवर अडकलेल्या लोकांना तो होड्यांतून काढीत राहिला. दुसऱ्या पुरात भिजून त्याची प्रकृती कायमची ढासळली.

१८१० च्या आरंभी लॅक्लन मॅक्वारी गव्हर्नर झाला. तोही स्कॉटच. तरुणपणी तो लष्करी अधिकारी म्हणून आमच्या मुंबईत होता आणि त्याचा पहिला विवाह १७९३ साली मुंबईतच झाला होता. मॅक्वारीचे मत असे, की शिक्षा संपून जो नीट वागतो, त्याला समाजात त्याची जागा परत मिळाली पाहिजे. त्याने थॉम्प्सनला आपल्या मेजावर जेवावयास बसविले आणि हॉक्सबरीचा मॅजिस्ट्रेट नेमले. पूर्वी कैदी असलेला मनुष्य त्या वसाहतीत प्रथमच न्यायासनावर बसला.

त्याच वर्षी पॅरामॅटाच्या टोलरस्त्यासाठी विश्वस्त नेमले गेले: थॉम्प्सन, सिमियन लॉर्ड हा दुसरा माजी कैदी, आणि अँग्लिकन पाद्री सॅम्युएल मार्सडेन. मार्सडेनने साफ नकार दिला. कैदी म्हणून आलेल्या माणसांच्या पंक्तीला आपण बसणार नाही, असे त्याचे म्हणणे.

येथे मार्सडेनला झोडपणे सोपे आहे. मॅजिस्ट्रेट म्हणून तो निर्दयपणे फटक्यांच्या शिक्षा देई, हे प्रसिद्धच आहे. पण त्याची बाजू अगदीच पोकळ नव्हती. या दोघांच्या खाजगी आचरणाविषयीही त्याचे आक्षेप होते. काल चोरी करणारा आज न्यायासनावर दिसला तर सामान्य माणसाने प्रामाणिकपणाला काय किंमत द्यावी, हा प्रश्न आमच्यातील अनेक सज्जनांनाही पडेल. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला भाऊ खोटे कोठे बोलत होता? त्याचा हिशोब बरोबर होता, आणि तो अंगणात उभा राहिला होता.

आम्हांला अधिक अस्वस्थ करते ती मॅक्वारीची उदारता. थॉम्प्सनला क्षमा मिळाली ती कशामुळे? तो कर्तबगार होता, श्रीमंत होता, सरकारच्या उपयोगी पडला. आपल्या मृत्युपत्रात त्याने संपत्तीचा चौथा हिस्सा गव्हर्नरलाच ठेवला होता. पण ज्याने तितकेच कापड चोरले, शिक्षा भोगली आणि पुढे आयुष्यभर मजुरीच केली, त्याला गव्हर्नराचे जेवण कोण देणार? यशाने विकत घेतलेली क्षमा ही क्षमा असते की नुसती पावती?

आणखी एक गोष्ट आहे, ती टाळून पुढे जाता येत नाही. हॉक्सबरीचा काठ हा धारुग आदिवासींचा. नदीकाठी उगवणाऱ्या कंदांवर त्यांचा निर्वाह चाले; तेथे वसाहतवाल्यांचा मका उभा राहिला, आणि आदिवासी त्या शेतांत आले की चोर ठरू लागले. १८०५ साली त्यांच्याविरुद्ध एक सशस्त्र तुकडी गेली, तिचा म्होरक्या थॉम्प्सन होता. त्या हल्ल्यात आदिवासी मारले गेले. या कृत्याबद्दल त्याला कोणी जाब विचारला नाही. मार्सडेनच्या आक्षेपात ते नव्हते, मॅक्वारीच्या क्षमेतही नव्हते. एका मुलाने पळविलेले कापड दोघांच्याही लक्षात होते. एकाने ते विसरावयाचे नाकारले, दुसऱ्याने विसरावयाचे ठरविले. नदीचा काठ कोणाचा होता, हे दोघांपैकी कोणीच विचारले नाही. आमच्या स्वतःच्या हिशोबातही क्षमेसाठी निवडलेल्या आणि मुळातच न लिहिलेल्या अशा दोन वह्या असतील काय, या शंकेने आम्ही बराच वेळ घुटमळलो.

२२ ऑक्टोबर १८१० रोजी थॉम्प्सन वारला. वय सदतीस. विंडसरच्या सेंट मॅथ्यू चर्चच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. मॅक्वारीने तिच्यावर मोठा लेख कोरविला. तो मूळचा स्कॉटलंडचा, सतराव्या वर्षी या देशात पाठविला गेला, असे त्यात म्हटले आहे. त्याची मेहनत, पुरांतून वाचविलेले जीव, मॅजिस्ट्रेटपद, सर्व आहे. कशासाठी पाठविला, ते मात्र तेथे नाही. १८०५ सालही नाही.